रितेशचा आहेर

"मावशींनी आहेराचं पाकीट घेतलंय," रितेश म्हणाला. "मला कुंकू लावून घेतलंय. आता तू नाही म्हणून काय होतंय?"

भूपेंद्रनं वरण-बट्टीचं ताट खाली ठेवलं. शनवाऱ्याच्या गल्लीत बहिणीच्या, मोनालीच्या, हळदीचा मांडव घातला होता आणि तो फुटबॉल क्लबातून सुट्टी काढून आला होता. रितेश मात्र बोलावल्याशिवाय आला होता. एके काळी दोघं एकाच संघात. भूपेंद्र गोलात, रितेश त्याच्या पुढ्यात बचावाला. रितेशचा गुडघा गेला आणि तो एजंट झाला. भूपेंद्रला या क्लबात त्यानंच चिकटवलं होतं.

"रविवारी दुसऱ्या हाफमध्ये एक सोडायचा. बस, एकच. तुझ्या वयाचा गोलकीपर जरा उशिरा झेपावला, तर कोणाला शक येणार यार? आणि मॅनेजर आपलाच आहे. नाही म्हणशील तर पुढच्या सीझनला तू घरी."

 'आपलाच' ऐकून भूपेंद्र उठला आणि सरळ आत गेला.

मालूबाई आलेला आहेर लावत बसल्या होत्या.

"आई, रितेशचं पाकीट कुठंय?"

"ते जाड? हे काय. गुणाचा आहे हो पोरगा. मी म्हटलं एवढं कशाला, तर म्हणे, मावशी, भूपेंद्रचंच समजा."

"माझंच होतं ते." आणि त्यानं चार शब्दांत सांगितलं.

मालूबाईंना इतक्या वर्षांत फुटबॉल कळला नव्हता. सगळी माणसं चेंडूला लाथा मारतात आणि आपला एकटा पोरगा हातानं धरतो, तरी त्याला कोणी रागवत नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. हे मात्र त्यांना लगेच कळलं.

"मग गुपचूप दे त्याच्या हातात. चारचौघांत आहेर माघारी देणं म्हंजे तोंडावर थुंकणं. देडतलाईचे व्याही बसलेत बाहेर."

"गुपचूप दिलं, तर तो म्हणेल, दिलंच नाही. घेताना सगळ्यांनी पाहिलं, देतानाही पाहू दे."

मांडवात लोटूमामा माइकवर आहेर पुकारत होते. साडी कोणाची, भांडी कोणाची, सगळं नावानिशी. भूपेंद्रनं त्यांच्या हातातून माइक घेतला. बोलायची सवय नव्हती. आवाज आधी फाटला.

"रितेशभाऊंनी आहेर दिला. तो मोनालीसाठी नाही, माझ्यासाठी आहे. रविवारच्या मॅचमध्ये मी गोल सोडावा म्हणून. मी तो परत करतोय. पाकीट फोडलेलं नाही, बघून घ्या."

वाढपी तुपाचं भांडं हातात धरून जागीच थांबला. रितेश हसायला लागला. "मजाक करतोय हा," तो शेजारच्याला म्हणाला. शेजारचा हसला नाही.

मग मालूबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, भूपेंद्रच्या हातातलं पाकीट घेऊन रितेशच्या मांडीवर ठेवलं, आणि त्यावर टॉवेल, टोपी, नारळ.

"घे बाबा. आमच्या मांडवातून कोणी रिकाम्या हातानं जात नाही."

"संपलास तू, भूपेंद्र," रितेश उठता उठता म्हणाला. नारळ त्याला तिथंच टाकता येईना, की नीट धरता येईना.

तो मांडवाबाहेर गेला. मोनाली हळदीच्या तोंडानं भावाकडे बघत होती. देडतलाईच्या व्याह्यांनी पान तोंडात सरकवलं, घसा खाकरला. मालूबाईंनी डोळे मिटले.

"पाव्हणं," व्याही म्हणाले, "ही रविवारची मॅच मोबाइलवर दिसती का?"

मांडव पुन्हा बोलायला लागला. बट्ट्या फिरल्या. त्या गडबडीतच भूपेंद्रचा फोन वाजला. मॅनेजरचा मेसेज होता. भूपेंद्रनं तो वाचला, फोन खिशात टाकला आणि ताट पुढं ओढलं.

"काय म्हणतात रे?" मालूबाईंनी हळूच विचारलं.

"रविवारी खेळवणार नाहीत. बेंचवर बसवतायत."

"नुसतं बसायला कशाला जातो मग? राहा की इथंच. पोरीला पाठवल्यावर घर खायला उठेल मले."

भूपेंद्रनं बट्टी कुस्करली, वरण ओतून घेतलं.

"जायचंय, आई. माझ्या जागी दुसरा उभा राहील. बेंचवरून गोल नीट दिसतो; तो मुद्दाम उशिरा झेपावला, तर मला कळेल."