खपलेल्या कॅसेटी

करुणानं कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर गोदेच्या पुरातून होडी काढायचा खेळ तयार केला, टेपरेकॉर्डरच्या साध्या कॅसेटींवर भरला आणि नाशिकरोडला सहादूमामाच्या दुकानात विकायला ठेवला. भीमजयंतीच्या दिवशी मामानं लांबूनच हाक मारली. “पोरी, तुझ्या सगळ्या कॅसेटी खपल्या!” “खेळ आवडला लोकांना?” “खेळ कुठला! टेपात लावली की नुसतं किर्र वाजायचं. कॉम्प्युटर हाय कुणाकडं? शेवटी त्यांच्यावर मी माझी भीमगीतं भरली.” मामाचा चेहरा फुलला होता. त्याची गाणी पहिल्यांदाच कोणी विकत घेतली होती. “छान झालं, मामा,” करुणा म्हणाली. खेळ पुसला गेल्याचं तिला काहीच वाटलं नाही. “आणखी एखादी हाय का? ह्या मावशी पेठहून आल्यात.” करुणाच्या पर्समध्ये खेळाची मूळ कॅसेट उरली होती. कोणी पुसू नये म्हणून तिच्या कडेची प्लास्टिकची टिकली तिनं मोडली होती. तिनं दुकानातली चिकटपट्टी लावून खाच बुजवली. “घ्या, यावरही भरा,” ती म्हणाली.