फळीवरची घंटी

दिवाळीच्या पणत्या उतरल्या होत्या, होळी अजून लांब होती. चंद्रपूरच्या फ्लॅटमधली टीव्हीवरची फळी ओकीबोकी दिसू नये म्हणून रिनानं तिथं जुना पितळी मोर ठेवला, आणि शेजारी सासरच्या गावाहून आणलेली गाईच्या गळ्यातली लाकडी घंटी, तेल लावून चमकवलेली.

येणारा-जाणारा ती हलवून बघायचा. "काय वहिनी, चौथ्या माळ्यावर गाय बांधली काय?" म्हणून हसायचा. घंटी वाजली की सासूबाई, सोनीबाई, गुडघ्यावर हात टेकत उठायच्या आणि दार सताड उघडून यायच्या. ड्युटीवरून थकून आलेली रिना ते पुन्हा लावायची.

एका सांजेला ती वैतागलीच. "इथी कुठी ढोरं आहेत, आई? काऊन दार उघडता घडीघडी?"

सोनीबाई भिंतीला टेकून बसल्या. "तुह्या सासऱ्याले वाघानं नेलं ना, त्या सांजेलेबी घंटी वाजत घरी आली होती. ढोरं आत घेतली, मागून थे येतीन म्हणून फाटक उघडं ठेवलं."

मग हळूच म्हणाल्या,

"थे फाटक मी अजून लावलं नाई, माय."