कमरेइतकं पाणी

जाहिरातबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. कडेची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. पाय तळाला नीट टेकलेले होते, तरी दांडी सोडवत नव्हती.

क्रीडाकेंद्रात सगळे त्यांना जाहिरातबाईच म्हणत. पत्रकं, फलक, रेडिओवरच्या ओळी, सगळं त्यांच्या हातचं. व्यायामशाळेत उभं राहायला जागा नव्हती, पण मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गाकडे कुत्रं फिरकत नव्हतं. महिनाअखेरीस तो बंद होणार होता, आणि त्याबरोबर शिकवणाऱ्या ताईंची नोकरीही जाणार होती. बाईंनी पुन्हा पुन्हा शब्द बदलून पाहिले. शेवटी पेन बाजूला ठेवलं आणि वर्गात स्वतःचंच नाव घातलं. पन्नाशी आली, तरी त्या कधी पाण्यात उतरल्याच नव्हत्या.

वर्गात आणखी एकच विद्यार्थी होता, एक बेकरीवाले काका. मिशा भरघोस, दंड ओंडक्यासारखे, आणि दांडी धरून धरून बोटं पांढरी पडलेली.

"तुम्ही कसे काय आलात?" बाईंनी विचारलं.

"नातीपायी. ती मासोळीसारखी पोहते आणि मी काठावर तिचा टॉवेल सांभाळतो. किती दिवस सांभाळायचा?"

समोरच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'घाबरता कशाला? पाणी तर आपला मित्र!' काकांनी ते मोठ्यानं वाचलं.

"मित्र म्हणे! न विचारता नाकात शिरणारा मित्र कुणी पाहिलाय का? ज्यानं हे लिहिलंय ना, त्याला एकदा धरून आणून इथं सोडलं पाहिजे."

"सोडलंय," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलंय ते."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. आणि मग पोट धरून असे हसले, की पाणी हिंदकळलं, घोटभर तोंडात गेलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. बाईंनाही हसू आवरेना. त्या तशाच पुढे सरकल्या आणि काकांच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या.

"शाबास!" पलीकडून ताई ओरडल्या. "दोघांनीही दांडी सोडलीत की!"

काकांनी घाईघाईनं दांडी पुन्हा पकडली. बाईंनी पकडली नाही.

ताईंनी त्यांच्या पाठीखाली तळहात धरला. "अंग सैल सोडा. मानसुद्धा." कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज मिटले. वर छताच्या काचा दिसत होत्या. पाठीखालचा हात कधी निघून गेला, ते कळलंच नाही. आपण इतक्या हलक्या आहोत, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर दोघं काठावर पाय सोडून बसले. बाईंच्या नाकातून अजून पाणी येत होतं.

"काका, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?"

"मी आपला पाववाला माणूस. पण इथं पाणी कमरेइतकंच आहे, एवढं कुणी सांगितलं असतं ना, तर मी मागच्याच वर्षी आलो असतो. विचारायची लाज वाटायची हो."

 बाई ओल्या अंगानंच उठल्या आणि ऑफिसच्या दिशेनं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या दारावर नवा फलक लागला : 'मोठ्यांसाठी पोहणं. पाणी कमरेइतकंच आहे. भीती वाटली तर दांडी धरा. आम्हीही धरली होती.'

महिना सरायच्या आत वर्ग भरला. ताईंना संध्याकाळचा आणखी एक वर्ग काढावा लागला.

केंद्राच्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. "कमाल केलीत! आता नाचाचा वर्ग सुरू करतोय. जाहिरात कधी देताय?"

"आधी थोडे दिवस नाचून येते."

"तुम्हाला नाचता येतं?"

"काडीचंही नाही!" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की साहेबांनी पुढं काही न विचारता फोन उचलला आणि नाचाच्या वर्गातली पहिली जागा राखून ठेवायला सांगितली.