हडळीचा माग

"पोरं खाणारी हडळ चालते, आणि बाईवर जीव जडलेली चालत नाही?" मी विचारलं.

"नाही चालत!" संपादक साठ्यांनी माझी कॉमिकची पानं टेबलावर आपटली. "पाटलाच्या सुनेला घेऊन पळाली ना? मग शेवटच्या पानावर गावकरी पावलांचा माग काढतील आणि पेटवून देतील. नाहीतर हडळीची ही मालिकाच बंद."

मी तिथंच बसून पान काढलं. सुनेला पाठुंगळी घेऊन हडळ नदीपलीकडे हसतेय. अलीकडे मशालवाल्यांनी पावलांचा माग काढत जाऊन घर पेटवलंय. पाटलाचं.

"हे काय?" साठे किंचाळले.

"तुम्ही सांगितलंत तेच, सर. हडळीची पावलं उलटी असतात. माग काढत गेलं की ती जिथून पळाली, तिथंच माणूस पोचतो."