उदगीरकर

"जय भीम!" हॉलच्या दारातून आवाज आला. तो ओळखायला आनंदराजला मान वळवायची गरज नव्हती. दारातल्या वॉचमनला इतका खणखणीत जय भीम करणारी बाई त्याच्या माहितीत एकच होती, त्याची आई. धुरपताबाई एसटीच्या कंडक्टरलाही तोच करायची आणि दवाखान्यातल्या डॉक्टरलाही. समोरच्याला काय वाटेल याची फिकीर तिनं जन्मात केली नाही. ती सगळी मुलानं आपल्याकडं घेतली होती.

लातूरच्या त्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या शौकिनांचा मेळावा भरला होता. इंटरनेटवरच्या ग्रुपवर एकमेकांच्या इंजिनांचं कौतुक करणारी ही मंडळी पहिल्यांदाच समोरासमोर येत होती. ग्रुपची रीत अशी, की खरं नाव लावायचं नाही. कुणी इंजिनाचं नाव घ्यायचा, कुणी आपल्या स्टेशनाचं. आज तीच नावं बिल्ल्यावर लिहून छातीला लावली होती. शेडमास्तर, लातूररोड, किनवट पॅसेंजर. आनंदराजनं नाव भरताना नुसतं 'उदगीर' टाकलं होतं, पण ते आधीच कुणीतरी पटकावलेलं. मग त्यानं पुढं 'कर' जोडलं. त्यानं केलं ते एवढंच. बाकीचं लोकांनी केलं. उदगीरकर म्हटल्यावर त्यांनी त्याला घराणं दिलं, गल्ली दिली, जातही देऊन टाकली आणि यानं एकदाही नको म्हटलं नाही. खोटं असं बोलावंच लागलं नाही, हीच त्यातली मेख.

सकाळी मेळावा भरवणारे शेडमास्तर त्याच्या टेबलापाशी येऊन थांबले होते. टेबलावर उदगीर स्टेशनामागची गँगमनची क्वार्टर्स होती. कडुलिंब, पाण्याची टाकी, रुळावर हातोडा उचललेला गँगमन, आणि मधल्या चौकात बोटभर काठीवर निळा झेंडा.

"उदगीरकर, काम एक नंबर!" शेडमास्तर म्हणाले. मग झेंड्याकडं बघून हसले. "हे मात्र कशाला हो? आपल्यासारख्यांच्या टेबलावर बरं नाही दिसत."

'आपल्यासारख्यांच्या' हा शब्द आनंदराजनं मुकाट गिळला. ते पुढं सरकताच त्यानं काठी उपटली आणि शर्टाच्या खिशात घातली, बिल्ल्याच्या मागं.

आणि आता आई दारातून आत येत होती. मागच्या आठवड्यात त्यानंच हौसेनं तिला फोनवर या देखाव्याचा फोटो पाठवला होता. बघायला येते म्हणाली, तेव्हा गर्दी असते, नको येऊ, असं त्यानं सांगितलं होतं. तिनं कशाला ऐकावं?

धुरपताबाई सरळ टेबलापाशी आली. मुलाकडं तिनं पाहिलंच नाही. वाकून ती त्या बोटाएवढ्या गँगमनकडं बघत राहिली.

"ह्यो तुझा बाप," ती हळू आवाजात म्हणाली. "उभं ऱ्हायाची ढब बी तीच केलीस की रं." तिचे डोळे भरून आले. आनंदराजलाही भरून आलं. हे काम त्यानं कुणासाठी केलं होतं ते त्या क्षणी त्याला आठवलं.

तिचं बोट क्वार्टर्सवरून सरकत मधल्या चौकात आलं.

"अन् झेंडा? फोटूत हुता की."

"लावायचा राहिला."

धुरपताबाईच्या बोटाला चौकातलं बारीकसं भोक लागलं. भोवतीचा गोंद उचकटलेला होता.

"ऱ्हायला न्हाई. उपटलास." आवाज चढला नव्हता. "तुझ्या बापाला बी सायेब म्हनला हुता, काढ म्हून. बदलीची भीती घातली. त्यानं न्हाई काढला."

"आई, हळू. नंतर सांगतो सगळं."

तेवढ्यात शेडमास्तर पाहुण्यांना घेऊन तिकडं आले. लुगड्यातली म्हातारी देखाव्याला बोट लावतेय हे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"या बाई कोण, उदगीरकर?"

आनंदराजचा हात खिशावर गेला. काठी बोटांना लागली. माझी आई, एवढंच म्हणायचं होतं. सगळे त्याच्याकडं बघत होते. आईही बघत होती.

"उदगीरच्याच आहेत," तो म्हणाला. "रेल्वे कॉलनीतल्या. वडिलांच्या ओळखीच्या."

"अस्सं. बघा, बघा बाई, पण हात नका लावू," असं म्हणून शेडमास्तर पाहुण्यांकडं वळले.

धुरपताबाई जागची हलली नाही. मुलाच्या छातीवरचा बिल्ला ती एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. म्हातारपणी विहारात बसून शिकलेलं वाचन, ओठ हलवल्याशिवाय तिला जमायचं नाही. वाचून झाल्यावर तिनं पदर सावरला आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, उदगीरकर सायेब," ती म्हणाली.

मग ती पाठ फिरवून चालू लागली. दारापाशी तिचा आवाज पुन्हा ऐकू आला, पहिल्याइतकाच खणखणीत. वॉचमनला जय भीम करून ती बाहेर पडली.