माहेरचं नाव

"बाईचं नाव लग्नात बदलतं, साहेब. नोंद मात्र जुन्याच नावावर राहते," यशोधरा सांगत होती. आळे गावच्या दवाखान्यातली ही नर्स. ड्युटी संपल्यावर बसून बसून तिने जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये भरली होती. माहेरचं नाव, बाप, गाव एवढ्यावर बाई शोधायची युक्ती तिचीच. ती आज साहेबांना पटली, तर पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नोंदींचं काम तिला मिळणार होतं.

पुण्याहून हे काम बघायला आलेले साहेब टेबलापलीकडे बसले होते. पडद्यावर काही आलं की उठून यायचे आणि दवंडी दिल्यासारखं मोठ्याने वाचायचे.

"आता या पेशंटची नोंद काढा," ते म्हणाले.

बाकावर आरोही बसली होती. पाचवा महिना, घसा सुजलेला, अंगात ताप. शेजारी सासू, धोंडाबाई. सून पहिलटकरीण आहे, आजवर कुठल्या दवाखान्याची पायरी चढलेली नाही, हे तिने दोनदा सांगून झालं होतं.

"म्हायेरचं नाव कशाला पायजे?" धोंडाबाईने विचारलं. सुनेकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, नर्सकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं. मग नाइलाजाने सांगितलं. बायडा. बाप चांगदेव, गाव डिंभे.

आरोहीने मान खाली घातली.

नोंद लगेच आली. यशोधराला झालेला आनंद ती वाचेपर्यंतच टिकला. तीन वर्षांपूर्वीची तारीख. कुमारी. चौथ्या महिन्यात गर्भपात. त्याखाली, पेनिसिलिनच्या इंजेक्शनने श्वास कोंडला, थोडक्यात वाचली. हे सगळं तिनेच एका संध्याकाळी चहा पीत टाइप केलं होतं. तेव्हा ती फक्त एक ओळ होती.

साहेब उठले. धोंडाबाईही वाकली. यशोधराने पडदा कोरा केला.

"नाही सापडत, साहेब."

"सगळी रजिस्टरं भरलीत म्हणालात ना?"

केसपेपर ओढून यशोधराने त्यावर लाल शाईने एक ओळ लिहिली. साहेबांनी सवयीने तीही मोठ्याने वाचली, "पेनिसिलिन देऊ नये."

धोंडाबाईचे डोळे बारीक झाले. "नाव तर घावलं न्हाई. मंग ह्ये कुठनं कळलं?"

यशोधरा लाल पेनाचं टोपण लावत राहिली.

"म्याच सांगितलं," आरोही म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "मघाशी, वजन करताना. ल्हानपणी सोसलं नव्हतं मला."

साहेबांनी फाइल मिटली. पेशंटला तोंडपाठ आहे तेवढंही मशीनला माहीत नसेल तर कसं व्हायचं, एवढं बोलून ते गाडीकडे निघाले.

धोंडाबाई मोकळेपणाने हसली. "मी म्हनतच व्हते बाई. त्या डब्यात कायबी नाय."

"नाही, मावशी," यशोधरा म्हणाली. "काहीच नाही."