वजनाला हलका

“वजनाला हलका दाखवा,” काकू म्हणाल्या.

सेल्समननं टाय सारखा केला. टोस्टर घ्यायला आलेली माणसं रंग विचारतात, गॅरंटी विचारतात. वजन आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण हे जोडपं त्याच्या ओळखीचं होतं. वर्षातला हा त्यांचा चौथा टोस्टर. म्हाताऱ्यांना टोस्टचं भलतंच वेड आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यानं दोन मांडले. काकूंनी पहिला उचलला, हातात तोलला आणि नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे चार टाके होते, अजून ओले. मागचा टोस्टर लोखंडी होता. हाही तसाच जड निघाला, तो त्यांनी बाजूला सारला. दुसरा उचलला, पुन्हा कपाळाकडे पाहिलं आणि हा बरा आहे म्हणाल्या.

सेल्समन खुलला. हा स्मार्ट होता. हल्ली हलके तेवढे स्मार्ट आणि लोखंडी तेवढे बावळट, हा आपला रोजचा विनोद त्यानं ऐकवला. याला खटका नाही, तोंडानं सांगायचं. पाव संपत आला की फोनवर कळवतो, करपायच्या आधी आपणहून थांबतो. नक्की करपत नाही ना, असं काकूंनी दोनदा विचारलं. मग जरा घुटमळून त्या म्हणाल्या, “ओरडलेलं कळतं का याला?”

“ओरडलेलं तर जास्तच चांगलं कळतं, काकू.”

त्यानं वरच्या फळीवरचा पंखा दाखवला. तोही असाच तिखट कानाचा, आवाज चढला की त्याचा वेग चढतो. मग चालेल, असं काकू म्हणाल्या. आमच्या चिरंजीवांना टोस्ट जरा नीट लागतो, असा काकांनी उगाचच खुलासा केला. चिरंजीव अडतीस वर्षांचे होते.

घरी कटकट नको म्हणून मालकाचा आवाज इथेच नोंदवून देतो, असं म्हणत सेल्समननं टोस्टर काउंटरवर लावला. घराचे मालक कोण, असं त्यानं विचारलं. घर काकांच्या नावावर होतं, म्हणून त्यांनी बोट वर केलं, वर्गात करतात तसं. काहीही बोला, ‘घराचा मालक मी आहे’ एवढं म्हटलंत तरी पुरे, असं सेल्समननं सांगितलं.

काकांनी घसा साफ केला आणि म्हणून पाहिलं.

“आवाज ऐकू आला नाही,” टोस्टर गोड आवाजात म्हणाला. “कृपया पुन्हा सांगा.”

काकांनी पुन्हा सांगितलं. टोस्टरला पुन्हा ऐकू आलं नाही. तिसऱ्या वेळी ते बायकोकडे बघत बोलले आणि त्यांचं वाक्य ‘मालक’पाशीच विरलं. सेल्समन हसू दाबत उभा राहिला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. डावा कान गेल्या महिन्यातल्या थपडेनं गेला होता, उजवाही फारसा धड नव्हता, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर असायचा.

“मेलात का कुठे?” फोनमधून चिरंजीवांचा आवाज आला. “एक डबडं आणायला दोन तास लागतात? या घरी. दोघांची मुंडकी त्याच्यातच घालून भाजतो.”

वरचा पंखा गरगर फिरू लागला. टोस्टरमध्ये निळा दिवा लागला.

“आवाज नोंदवला,” टोस्टर म्हणाला. “नमस्कार, मालक.”

सेल्समन हसायला गेला आणि मध्येच थांबला. काकांनी एक कोपर तोंडासमोर धरलं होतं आणि दुसरा हात टाक्यांवर. फोन काउंटरवर पडला होता, तरी ते तसेच उभे होते. आधीचे तीन टोस्टर कुठे गेले, ते त्याला आत्ता कळलं.

“पुसून टाकतो, काकू,” तो हळूच म्हणाला. “दहा सेकंद लागतात.”

“पुसता येतं?”

आधी काकूंना लाज वाटली. परक्या माणसासमोर, आणि या यंत्रानंही मुलालाच मालक म्हणावं याची. मग लाज कुठच्या कुठे गेली आणि राग आला, अडतीस वर्षांत कधी आला नव्हता एवढा. त्यांनी दहा सेकंद वाट पाहिली नाही. टोस्टर हलका होता, म्हणून तर त्यांना तो डोक्यावर उचलता आला. काउंटरच्या कडेवर त्यांनी तो आपटला. पहिल्या घावात पत्रा फाटला. दुसऱ्यात आतल्या तारा बाहेर आल्या. तिसऱ्यात काउंटरची काच तडकली आणि काकूंच्या तळव्यातून रक्त यायला लागलं. त्यांनी चौथाही घातला.

“काय फुटलं?” फोनमधून आवाज आला.

काकू फोनवर वाकल्या. त्यांना धाप लागली होती, पण आवाज चढला नाही.

“टोस्टर. मी फोडला. आम्ही पोलिसांना घेऊनच घरी येतोय. त्याच्या आत तू तिथून नीघ.”

वरचा पंखा मंदावला. वायरला लोंबकळणाऱ्या पत्र्यातून मात्र खरखर आली.

“आवाज ऐकू आला नाही. कृपया पुन्हा सांगा.”

काकांनी कोपर खाली घेतलं. टाक्यांवरचा हात काढला. फोन उचलून तोंडासमोर धरला.

“घराचा मालक मी आहे,” ते म्हणाले. “नीघ.”

वरचा पंखा जोरात फिरू लागला.